सहावं नाव

जीप करंजदऱ्याच्या शाळेपाशी थांबली. आम्ही उतरतो न उतरतो तोच मागच्या वळणावर चार पोरांनी ढकलत ढकलत एक मोठा धोंडा आणून रस्त्याच्या मधोमध बसवला. आमच्या ड्रायव्हरनं आरशात ते पाहिलं आणि निमूटपणे इंजिन बंद केलं. तुपे साहेबांनी शर्टाची वरची गुंडी लावली. ते आमचे शिक्षण विस्तार अधिकारी, आणि प्रसंग बाका आला की आधी गुंडी लावायची ही त्यांची जुनी सवय.

“या साहेब,” शाळेच्या पायरीवरून शंकरतात्या कदम म्हणाले. “च्या ठेवलाय. त्या धोंड्याचं काय मनावर घेऊ नका. शाळा ऱ्हातीय असं लिहून दिलंसा की पोरंच बाजूला करतील त्यो.”

तात्या म्हणजे वाडीचे ग्रामपंचायत सदस्य. मुंबईच्या गोदीत हयात घालवून गावी परतलेले, त्यामुळे मोर्चा आणि घेराव दोन्ही त्यांच्या अंगवळणी पडलेले. एप्रिल महिना होता, वाडीच्या देवाची यात्रा तोंडावर आलेली. एरवी करंजदऱ्यात म्हातारी माणसं, बाया आणि पोरं एवढीच असत. तरणे पुरुष सगळे मुंबईला. यात्रेपुरते ते घरी आले होते, आणि नेमका तोच आठवडा आमच्या कार्यालयानं पाहणीसाठी निवडला होता. मुहूर्त काढावा तर आमच्या कार्यालयानं.

मी तेव्हा तालुक्याच्या शिक्षण विभागात आकडेवारीचं काम बघायची. कुठल्या शाळेला कुठल्या वाड्यावस्त्या जोडायच्या, येत्या काही वर्षांत कुठं किती मुलं पहिलीत येतील, याचे तक्ते करायचे. नोकरी नवी, लग्न नवं, आणि त्यात आठवा महिना लागलेला. साहेब म्हणाले होते, कळंबे मॅडम, तुम्ही कशाला घाट चढता, कागद माझ्याकडे द्या. पण त्या कागदांतला एकही रकाना साहेबांना समजावून सांगता आला नसता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. शिवाय तेव्हा मला कुठल्याच कामाला ‘जमणार नाही’ म्हणता यायचं नाही. म्हणून आले.

कागदावरचा मामला असा होता. ज्या शाळेत पुढल्या दोन वर्षांत पहिली ते चौथी मिळून दहा मुलं होण्याची चिन्हं नाहीत, ती बंद करून जवळच्या शाळेत मिसळायची, असं वरून ठरलं होतं. करंजदऱ्यातली मोठी मुलं चौथी होऊन बाहेर पडली की जुनी चार उरत होती. म्हणजे नवी सहा तरी हवीत. आणि जिल्ह्याहून आलेल्या अंदाजात नव्या मुलांच्या रकान्यात शून्य होतं. तो अंदाज जन्मनोंदींवरून काढलेला. करंजदऱ्यात गेल्या कित्येक वर्षांत एकही जन्म नोंदलेला नव्हता. जन्मच नाही तर पहिलीत येणार कोण, असा सरळ हिशेब.

शाळा गेली की इथली मुलं पळसोलीला जोडली जाणार होती. पळसोली नकाशावर अगदी हाताशी दिसते. मधे एक खिंड आहे आणि खिंडीखाली ओढा. पावसाळ्यात त्या ओढ्यात धडधाकट गडीसुद्धा उभा राहू शकत नाही. नकाशात तो बारीक निळ्या रेघेनं छान दाखवला होता.

सभा शाळेच्या एकुलत्या एक खोलीत भरली. पुरुष पुढं, बाया मागं भिंतीला टेकून, लहान पोरं त्यांच्या मांडीवर. पाटोळे गुरुजी फळ्यापाशी उभे होते. सगळी शाळा ते एकटे चालवायचे, पण सरकारी नोकर पडल्यामुळं अशा वेळी तोंड उघडायची चोरी. साहेबांनी अंदाज वाचायला घेतला. येत्या दोन वर्षांत करंजदरा येथे पहिलीत दाखल होणारी संभाव्य मुले, शून्य. साहेब शून्य म्हणाले आणि त्याच क्षणी मागं एका मांडीवरच्या पोरानं भोकाड पसरलं.

“मग ही काय आमी भाड्यानं आणलीत?” तात्या म्हणाले.

खोली हसली, पण ते हसू बरं नव्हतं. साहेबांनी गुंडी चाचपली. ते म्हणाले, यात्रेचे दिवस आहेत, घरोघरी पाहुणे आहेत. पाहणीच्या दिवशी पै-पाहुण्यांची मुलं आणून बसवल्याची प्रकरणं आम्ही पाहिलेली आहेत. गावात जन्म झाल्याची नोंद दाखवा, मी लिहून घेतो. यावर जो गलका उठला त्यात कोण काय बोलत होतं ते समजायला मार्ग नव्हता. आमची पोरं पाहुण्यांची म्हणता काय, एवढं एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत होतं. दारात दोन आडदांड पोरं हाताची घडी घालून उभी राहिली. मला आत कळ आल्यासारखं झालं आणि मी भिंतीचा आधार घेतला. खरं सांगायचं तर मी चांगलीच घाबरले होते.

तेवढ्यात हौसाकाकी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. हिला मी ओळखत होते. शाळेत खिचडी शिजवायचं काम तिच्याकडं होतं. नवरा मुंबईत वारलेला, मुलगाही तिकडंच, घरात ती, सून आणि नातू. शाळा गेली की तिचं काम जाणार होतं. पण ती नुसती स्वतःच्या पोटासाठी भांडत होती असं मला कधी वाटलं नाही. शाळा वाचवायचा अर्ज घेऊन ती आमच्या कार्यालयात यायची आणि साहेब भेटेपर्यंत बाकावरून उठायची नाही. साहेब मागच्या दारानं गेले तर दुसऱ्या दिवशी मागच्या दारापाशी बसायची.

“कितवा म्हैना?” तिनं गलक्याकडं दुर्लक्ष करून विचारलं.

आठवा, म्हटलं.

“पयलंच का? मग म्हायेरी कवा जानार? असल्या दिवसांत हितं घाटात काय करतीस, पोरी.”

सोमवारी जाणार, बार्शीला, असं मी सांगितलं आणि पाण्याचा घोट तोंडातच राहिला. माझं मूल बार्शीत जन्मणार होतं. त्याची नोंद बार्शीत होणार होती. चार-सहा महिन्यांनी मी त्याला घेऊन साताऱ्याला घरी येणार आणि साताऱ्याच्या जन्मनोंदीत त्याचा मागमूसही असणार नव्हता. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ते जिल्ह्याच्या तज्ज्ञ मंडळींना सुचलं नव्हतं, आणि आठ महिने पोट घेऊन तक्ते भरणाऱ्या मलाही सुचलं नव्हतं.

मी उठले. साहेबांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते माझ्या तोंडाकडं आणि मग माझ्या पोटाकडं बघत राहिले, आणि त्यांनी गुंडी सोडली.

मग मी मागं बायांकडं वळले आणि एकेकीला विचारायला घेतलं, बाळ कुठं झालं. ही वाईची, तिचं वाईला झालं. ती मेढ्याची, तिचं मेढ्याला. एकीचं पहिलं माहेरी आणि दुसरं तालुक्याच्या दवाखान्यात, दोन्हीच्या नोंदी तिकडंच. करंजदऱ्यात ना दवाखाना ना सुईण, इथं बाळंत व्हायला बसतंय कोण, असं एक म्हातारी म्हणाली तेव्हा सगळी खोली मोकळेपणानं हसली. साहेबांनी पाहुण्यांचा मुद्दा पुन्हा काढला, तेव्हा पाटोळे गुरुजींना राहवलं नाही. ते म्हणाले, साहेब, ही पोरं रोज माझ्या उंबऱ्यावर येऊन बसतात, घरी जा म्हटलं तरी जात नाहीत, मी एकेकाला नावानिशी हाक मारून दाखवतो. आणि त्यांनी मारून दाखवली. पोरांनी ओ दिली. साहेबांचा नाइलाज झाला.

एक, दोन करत मी पाच नावं लिहिली. खोलीतली हवा पालटली. कुणीतरी पानाचा डबा उघडला. दारातली पोरं धोंडा हलवायला जायच्या बेतात होती.

“पाच झाली,” तात्या म्हणाले. “सहावा हौसाकाकीचा नातू. लिवा मॅडम, अन् उरका.”

हौसाकाकीची सून भिंतीच्या टोकाला बसली होती. स्वप्नाली तिचं नाव. पंचविशीच्या आतली असेल. मांडीवरच्या पोराचे केस ती बोटांनी सारखे करत होती. मी पेन टेकवलं आणि मुलाचं पूर्ण नाव विचारलं.

“त्याचं नका लिहू,” ती म्हणाली. “आमी यात्रा झाली की घणसोलीला जानार हाय. यांनी खोली घेतलीय.”

पानाचा डबा बंद झाला.

प्रकरण असं होतं की तिचा नवरा महेश वाशीच्या मार्केटात टेम्पो चालवायचा. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी तो गावच्या इतर गड्यांबरोबर एका गाळ्यात पथारी टाकून राहत होता. आता कुठं त्यानं भाड्यानं खोली केली होती. यात्रेला त्याला रजा मिळाली नाही, पण निरोप आला होता, आवराआवर करून या. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. फक्त त्या पोराची अशी गरज पडेल हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आता जो तो तिला समजावू लागला. ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं. खोली कुठं पळून चाललीय का, एक म्हणाला. दोन वर्षं कळ काढ, पोरगं पहिलीत बसू दे, मग जा की, दुसरा म्हणाला. हे बोलणारे सगळे यात्रा झाली की स्वतः मुंबईची गाडी धरणारे. मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. पण त्या पाच बायाही तिच्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्यावर मला रागावता येईना. त्यांची पोरं त्या ओढ्यातून जाणार होती.

तात्या उठून तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. आवाज अगदी मऊ.

“पोरी, तू माझ्या लेकीसारखी. तुला अडवायचं पाप म्या करनार न्हाई. पन तुझ्या एकटीच्या हौसंपायी या पाच जनींची पोरं पान्यात घालायची का, येवढंच सांग.”

साहेब माझ्याकडं झुकले. हलक्या आवाजात म्हणाले, मॅडम, मूल आजच्या तारखेला गावात हजर आहे, नियमात बसतं, लिहून टाका, पुढं गेलं तर गेलं. त्यांच्या परीनं ते माया करत होते. मलाही क्षणभर ते पटलं. कागदावर सहावं नाव येईल, शाळा राहील आणि ही बाईसुद्धा घणसोलीला जाईल, सगळंच साधेल. पण तात्यांचे कान तिखट होते.

“साहेब, लिवलं म्हंजे लिवलं,” ते म्हणाले. “तिच्या पोरावर शाळा उभी ऱ्हायल्यावर ती जाती कशी? आमी बघतो की.”

म्हणजे नाव लिहिलं की ती बांधली गेली. पोराला घेऊन ती एस्टीत बसायला निघाली तर वाडीतलं एकूण एक दार उघडून तिला विचारणार, शाळा बुडवून कुठं चाललीस. महेश आला तर त्यालाही तेच विचारणार. खोलीचं भाडं चार महिने फुकट जाईल, मग तो खोली सोडेल. हे सगळं मला जसं दिसलं तसं तिलाही दिसत असणार. ती खूप वेळ पोराच्या डोक्याकडं बघत राहिली. तिनं सासूकडं बघितलं नाही. मला वाटतं मुद्दामच बघितलं नाही, कारण शाळेसाठी सासू किती झिजली होती ते तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं.

“लिवा,” ती म्हणाली. “श्रेयस महेश सपकाळ.”

खोलीनं सुस्कारा सोडला. मी ‘श्रे’ लिहिलं.

“थांब पोरी,” माझ्याशेजारून हौसाकाकी म्हणाली. “लिवू नगंस.”

तात्यांना आधी समजलंच नाही. मग ते म्हणाले, काकी, डोकं फिरलं का तुझं, अगं तुझंच काम जाईल.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. बसल्या जागेवरूनच, तांब्या हातात धरून बोलत होती. “तात्या, आमचं मालक मुंबईला हुतं तवा म्या बी हितंच ऱ्हायले. पयल्यांदा सासू म्हनली, पोर ल्हान हाय, त्याला तिकडची हवा सोसायची न्हाई. मग म्हस व्यायला झाली हुती. मग सासूच आजारी पडली. मग महेशची शाळा. दर येळी कारन खरंच असायचं बघ. मला कुनी बी खोटं सांगून ठिवलं न्हाई.”

मी पेन कागदावरून उचललं.

“त्येंची खोली म्या बघितली ती त्ये गेल्यावर. ट्रंक आनाय गेले तवा. भिंतीला खिळा हुता, अन् त्येला माझी पिशवी लटकावल्याली. म्या भाकरी बांधून द्यायची ती पिशवी. इतकी वर्सं त्यो मानूस कुठं निजत हुता ते मला त्या दिवशी कळलं.” तिनं तांब्या खाली ठेवला. “हिच्या पोराचं नाव लिवलं तर ही जायची न्हाई. हिचा सभाव म्या वळखते. तवा लिवू नगा.”

“मग शाळा गेली,” तात्या म्हणाले.

“गेली,” हौसाकाकी म्हणाली.

मी ‘श्रे’वर आडवी रेघ मारली. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचंही नव्हतं. स्वप्नालीनं पोराला छातीशी धरलं होतं, तिचा चेहरा मला दिसला नाही. साहेबांनी एकूण नऊ असा आकडा टाकला आणि सही केली. त्याखाली मी त्या ओढ्याबद्दल सविस्तर शेरा लिहिला, इतका सविस्तर की पान पुरलं नाही. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. जूनमध्ये शाळा पळसोलीत मिसळली, तेव्हा मी बार्शीत होते. पावसाळ्यापुरती मुलांना ओढ्यापार करायला एक माणूस नेमला गेला, एवढंच काय ते पदरात पडलं. त्यानंतर मी पुष्कळ शाळांचे तक्ते केले, काही वाचवल्याही. पण ज्याचं नाव न लिहिल्यामुळं मला अजूनही बरं वाटतं असं मूल ते एकच.

आम्ही बाहेर आलो तर धोंडा होता तिथंच होता. तो हलवायला कुणी पुढं येईना. तात्या पायरीवर बसून राहिले होते, आमच्याकडं बघतही नव्हते. शेवटी हौसाकाकीच गेली आणि पदर खोचून धोंड्याला खांदा लावला. म्हातारीच्यानं तो काय हलतोय. पण थोड्या वेळानं एक पोरगा गेला, मग दुसरा. धोंडा कडेला लागला.

ड्रायव्हरनं जीप वळवली तेव्हा तिनं हात करून थांबायला सांगितलं आणि घराकडं गेली. परत आली ती डोक्यावर ट्रंक घेऊन. मागून स्वप्नाली पळत येत होती, कडेवर पोरगं, अंगावर घरातलीच साडी, एका पायात चप्पल नीट बसलेली नव्हती.

“हिला खाली एस्टी स्टँडपातूर न्या,” काकी मला म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती. साहेबांनी न बोलता पुढं सरकून जागा केली.

स्वप्नाली रडकुंडीला आली होती. “आई, आत्ता कुठं? यात्रा तर हुंदे. परवा नैवेद्याचं कोन करंल? अन् यांना कळवलं बी न्हाई अजून.”

काकीनं ट्रंक आमच्या पायांपाशी सरकवली, श्रेयसला तिच्या कडेवरून घेतलं, त्याचा मुका घेतला आणि त्याला माझ्या मांडीवर आणून बसवलं. मग सुनेचा दंड धरून तिला जीपमध्ये चढवलं.

“आजच जा,” ती म्हणाली. “उद्या ही समदी तुला समजवाय येतील. अन् परवा म्याच समजवाय लागीन.”

तिनं बाहेरून दार ओढून लावलं आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली.